रोज वीतभर

बायको गेल्याचं कळलं तेव्हा तो ट्रकमध्ये बसून चावी फिरवत होता आणि ट्रक नुसता ‘टक’ म्हणत होता. तिचा चष्मा आणि धुतलेले कपडे न्यायला तो दवाखान्यातून घरी आला होता. पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली, चावी फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यात थांबलेली मेहुणी बोलत होती.

“भाऊजी, निघालात का?”

“हा काय, निघालोच. बॅटरीने जरा...”

“आता घाई नका करू,” ती म्हणाली.

त्याने आणखी एकदा चावी फिरवली. टक. मग तो उतरला आणि शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून गेला.

त्या ‘टक’वरून नवराबायकोचं दोन वर्षं भांडण चाललं होतं. ती म्हणायची, स्टार्टर गेलाय. तो म्हणायचा, बॅटरी. तिने जन्मात ट्रक चालवला नव्हता, पण वीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून त्याचं दुखणंखुपणं ऐकलं होतं. त्याने हट्टाने दोनदा नवी बॅटरी घातली. टक काही थांबलं नाही. “तिसरी घाला,” ती म्हणायची, “पण स्टार्टर म्हणू नका. जीभ झिजेल तुमची.”

ती गेल्यावर ट्रक अंगणातच राहिला. तोंड स्वयंपाकघराच्या भिंतीकडे, मध्ये दहा-बारा फूट जागा. हँडब्रेक नावापुरताच होता, म्हणून पहिल्या गिअरमध्ये ठेवलेला.

महिनाभराने एका दुपारी तो एकटा जेवत होता. ऊन चांगलंच तापलं होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अंगणातून आवाज आला. टक. त्याचा घास हातातच राहिला. टक. टक. आणि मग घर्रर्र!

तो बाहेर धावला. केबिनमध्ये कोणी नव्हतं. चावी घरात खिळ्याला होती. ट्रक गप्प उभा होता, पण चाकामागे जमिनीचा एक पट्टा धुळीविना स्वच्छ दिसत होता. ट्रक वीतभर पुढे आला होता.

दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा तेच झालं. तिसऱ्या दिवशी मेहुणी डबा घेऊन आली होती, तिच्यासमोरच झालं. तिच्या हातून डबा पडला.

“भाऊजी, ताई!”

“काहीतरीच काय.”

“काहीतरीच नाही. तीनदा टकटक आणि मग आत येणं. ताई दार कसं वाजवायची?”

त्याने पडलेला डबा उचलला. ती तीनदाच वाजवायची.

गोष्ट शेजारी गेली. शेजारचे गृहस्थ जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीपासून त्यांना मोजायला काही मिळालं नव्हतं. ते टेप, खडू आणि वही घेऊन हजर झाले. रोज दुपारी पुढच्या चाकापाशी ते एक रेघ मारत.

“आज साडेआठ इंच,” ते सांगत. “काल नऊ होतं. जरा दमल्यात.”

“गुडघे दुखायचे तिचे,” मेहुणी डोळे पुसत म्हणाली.

“अहो, ट्रकला कसले गुडघे?” तो ओरडला. पण दुपार झाली की तोच सगळ्यांच्या आधी पायरीवर येऊन बसायचा. ती भांडण पुरं करायला येतेय की त्याला माफ करायला, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. चष्म्याची पिशवी अजून सीटवरच होती.

भिंतीला चार फूट उरले तेव्हा मोजणीदारांनी चाकांपुढे दोन मोठे दगड लावले. दुसऱ्या दिवशी दगड बाजूला पडलेले आणि ट्रक वीतभर पुढे.

“दगडसुद्धा हलवले!” मोजणीदारांनी वहीत लिहिता लिहिता घाम पुसला. “हे आमच्या खात्यात बसत नाही.”

“भाऊजी, तुमच्या हातांना माती कसली?” मेहुणीने विचारलं.

“झाडांना पाणी घालत होतो.”

अंगणात झाड नव्हतं. तिने त्याच्या हातांवर पाणी घातलं.

दोन फूट उरल्यावर मात्र त्याचाही धीर सुटला. भिंतीला लागून तिची फळी होती, तिचे डबे होते. ट्रक आत घुसला असता तर तिनेच आधी शिव्या घातल्या असत्या. त्याने मिस्त्रीला फोन लावला.

“जरा बॅटरी बघायला ये.”

“बॅटरीसाठी नाही येत, दादा.”

“का रे?”

“दोनदा घालून दिली. तिसऱ्यांदा नाही. आणखी काही बिघडलंय का, सांगा.”

“तू येऊन बघ ना!”

“तुम्ही सांगा. मग येतो.”

तो फोन धरून उभा राहिला. बाहेर ऊन चढत होतं. टक, असा आवाज आला. मोजणीदारांनी दारातून बोटं वर केली: एक. टक. दोन.

“स्टार्टर,” तो म्हणाला. “स्टार्टर गेलाय.”

मिस्त्री म्हणाला, “येतो. नवा आणत नाही, तो तुमच्या घरातच आहे.”

मिस्त्रीने आल्या आल्या सांगून टाकलं. “पाच महिन्यांपूर्वी वहिनी दुकानात आल्या, नवा स्टार्टर घेऊन गेल्या. म्हणाल्या, त्यांच्या तोंडून शब्द निघेपर्यंत बोलायचं नाही. मला शपथ घातली होती.”

“ठेवला कुठे?”

“ते मला काय माहीत? तुमचं घर.”

कपाट पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, माळा उपसला. मिळेना. तेव्हा मेहुणी हळूच म्हणाली, “ताई कुठे चाललीय ते बघा ना.”

कोणी हसलं नाही. मोजणीदारांनी बॉनेटच्या मध्यावर दोरी धरली, सरळ भिंतीपर्यंत ताणली, खिडकीपासूनचं अंतर मोजलं आणि आत जाऊन तेवढ्याच अंतरावर भिंतीवर खडूने फुली केली. फुलीखाली तळची फळी होती. फळीवर पिठाचा मोठा डबा. डब्यामागे खोकं.

“दोन बोटांचा फरक,” मोजणीदार पुटपुटले आणि त्यांनी दुसऱ्यांदा मोजलं नाही.

“योगायोग असतो असा,” मिस्त्री म्हणाला आणि त्याने हात पुसले. अजून ते खराब झाले नव्हते.

मग त्याने कारणं दाखवली. हेडलाइट लावून चावी फिरवायला सांगितली. टक झालं, पण लाइट मंद झाले नाहीत. “बॅटरी मेलेली असती तर लाइट बसले असते. बॅटरी ठणठणीत आहे, स्टार्टर तिला दाद देत नाही.” मग गाडीखाली शिरून त्याने दोन तारा ओढून दाखवल्या. वरचं आवरण वितळलेलं. “ऊन तापलं की या चिकटतात. दोन-तीनदा नुसतं टक, एखादा धक्का लागतो. ट्रक गिअरमध्ये, म्हणून पुढे सरकतो. हिसका बसला की तारा सुटतात. संपलं भूत.”

“आणि दगड?” मोजणीदारांनी विचारलं.

मेहुणीने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी मिस्त्रीचे पाने मोजायला घेतले.

मिस्त्रीने आधी बॅटरीची तार सोडली, तीन बोल्ट काढले आणि जुना स्टार्टर उघडून दाखवला. आतले तांब्याचे तुकडे जळून काळेठिक्कर. “वहिनींनी नुसत्या आवाजावरून ओळखलं हो.”

“हं,” तो म्हणाला.

नवा बसला, तारा बदलल्या, गिअर काढला, दगड नीट लावले. त्याने चावी फिरवली. एका फटक्यात ट्रक सुरू झाला. इतका चटकन, की त्याला वाईट वाटलं.

त्यानंतर दुपारी अंगण गप्प असतं. मोजणीदारांनी चार दिवस वाट पाहून वही मिटली. ट्रक भिंतीपासून हातभर अंतरावर आहे, त्यामुळे स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लावावा लागतो आणि मेहुणी रोज त्यावरून बोलते. तो रोज सकाळी ट्रक चालू करतो, थोडा वेळ बसतो, बंद करतो. ट्रक मागे घ्यायचं अजून राहिलं आहे.