तीनशे साठच्या आतल्या मैत्रिणी

मी बनवलेल्या वेबसाइटवर बटण सापडलं नाही, अशी तक्रार आजवर कोणी केलेली नाही. फोन असो, टॅब असो, नाहीतर दिवाणखान्यातला टीव्ही, माझं पान सगळीकडे बरोब्बर बसतं. म्हणून सासूबाईंनी शिवणवर्ग काढायचं ठरवलं, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "साइट माझ्यावर सोडा!"

सासूबाईंनी तीस वर्षं दुसऱ्यांच्या दुकानात शिवणकाम केलं. स्वतःचा वर्ग हे त्यांचं जुनं स्वप्न. वाचनालयाने वरचा हॉल कबूल केला, पण अट घातली: शुक्रवारी पाचपर्यंत बारा नावं आणा, नाहीतर हॉल बुद्धिबळवाल्यांना.

मी कामाला लागलो. साइटवर जागाही बाराच ठेवल्या. पडद्याची रुंदी किती झाली की पानाची मांडणी बदलायची, त्या आकड्यांना ब्रेकपॉइंट म्हणतात. नवशिके ते पन्नास ठिकाणी लिहितात आणि मग शोधत बसतात. पानाचं रूप ठरवणारी फाइल, म्हणजे स्टाइलशीट, लिहायला मी प्रीप्रोसेसर नावाचं साधन वापरतो. सगळे आकडे एका फाइलमध्ये, प्रत्येकाला नाव: छोटा, मधला, मोठा. तिथे आकडा बदलला की सबंध साइट बदलते. 'छोटा' मी तीनशे साठ पिक्सेल रुंदीपासून धरला. त्याहून अरुंद फोन हल्ली वापरतं कोण?

शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत एकही नाव आलं नाही.

"मैत्रिणी म्हणतायत, नोंदणीचं बटणच नाहीये," सासूबाई म्हणाल्या.

"नीट बघायला सांगा त्यांना."

हे मी बोलायला नको होतं. तीन वाजता अकरा मैत्रिणी फोन घेऊन घरी हजर. सोफा भरला, खुर्च्या भरल्या, दोघी माझ्या कॉम्प्युटरच्या टेबलाला टेकल्या. अकरा फोन नाकासमोर आले आणि एकावरही बटण नव्हतं.

खरं सांगतो, लाज वाटायच्या आधी मला मजाच वाटली. फोन चांगले नवे, ऐसपैस. बायकोचा तसलाच फोन शेजारी धरला. तिच्या फोनवर बटण होतं, यांच्या नव्हतं. असं कसं? मी जमिनीवर फतकल मारून दोन्ही फोन उलटेपालटे करून बघू लागलो.

"चार वाजले," बायको म्हणाली. "आई केव्हाची घड्याळ बघतेय."

"पण यांच्या फोनवर सगळं एवढं मोठं का दिसतंय?"

"आमचं वय काय, अक्षर केवढं असणार?" टेबलाला टेकलेल्या एक मावशी म्हणाल्या.

सापडलं! अकराही जणींनी सेटिंगमध्ये जाऊन सगळंच मोठं करून घेतलं होतं. तसं केलं की फोन साइटला आपली रुंदी कमी सांगतो, तीनशे वीस वगैरे. आणि माझं बटण उगवायचं तीनशे साठला. वर्ग ज्यांच्यासाठी, नेमक्या त्याच दाराबाहेर.

"म्हणजे माप न घेताच कापलंत," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

मी 'छोटा' शून्यापासून केला. एक आकडा, एक मिनिट. पण आता कुतूहल गप्प बसू देईना. ब्राउझरची खिडकी बोटबोट अरुंद करत गेलो. प्रत्येक रुंदीला बटण दिसतंय का पाहिलं, आणि दाबून नोंदणी होतेय का तेही पाहिलं. अगदी पट्टीएवढ्या खिडकीतसुद्धा झाली.

"आता दाबा," मी ऐटीत म्हणालो.

"इथे 'जागा भरल्या' म्हणतंय," सोफ्यावरून आवाज आला. मग खुर्च्यांवरूनही तेच.

"बघा, दहा मिनिटांत बारा!" मी टुणकन उठलो.

सासूबाईंनी यादी उघडली. नावं बारा होती. बाराही माझी.

पाचाला वीस मिनिटं होती. माझा चेहरा आता मात्र खरंच पडला. मी घाईघाईने नावं पुसायला बसलो.

"अकराच पुसा," सासूबाई म्हणाल्या.

"आणि बारावं?"

त्यांनी मैत्रिणींवरून एकवार नजर फिरवली. "ते मी आता कुठून आणू?"

पाचाच्या आत यादी पोचली, हॉल मिळाला. वर्ग दर शनिवारी सकाळी असतो. परवा सुईत दोरा ओवायला मला पंचवीस मिनिटं लागली. शेवटी शेजारच्या मावशींनी आपला चष्मा काढून मुकाट्याने माझ्या पुढ्यात ठेवला.