वडाखालची पिवळी गाडी

सोराच्या पहिल्या पथनाट्याला तीन माणसं आणि एक कुत्रा आला होता. त्यांपैकी शेवटपर्यंत थांबला तो कुत्रा.

"वाईट वाटून घेऊ नकोस," रिन्तारो म्हणाला. "कुत्र्याला विषय कळला."

"तुला विनोद सुचतायत! बुधवारी फांग साहेब येणार. शंभर माणसं दिसली नाहीत तर वड गेला म्हणून समज."

सोरा कोरियाची, रिन्तारो जपानचा. 'कला, चळवळ आणि सामाजिक न्याय' असं भरभक्कम नाव असलेला सहा आठवड्यांचा उन्हाळी अभ्यासक्रम करायला दोघं तैनान या परक्या गावी आले होते आणि खो आजींच्या घरी वरच्या दोन खोल्यांत राहत होते. गल्लीच्या तोंडाशी एक जुना वड होता, त्याखाली चार दगडी बाकं. वड तोडून तिथं मोटारी उभ्या करायची जागा करावी असं वॉर्ड ऑफिसच्या मनात आलं होतं. खो आजी हरकत घ्यायला गेल्या, तेव्हा तिथले फांग साहेब हसून म्हणाले होते, "आजी, त्या झाडाखाली हल्ली बसतं कोण? तुम्ही आणि तुमचा हातपंखा! बुधवारी चारला मी स्वतः बघायला येतो. शंभर माणसं दाखवा, कुऱ्हाड परत नेतो."

त्यांतल्याच एका बाकावर खो आजींचे यजमान चाळीस वर्षं बुद्धिबळ खेळले आणि चाळीस वर्षं हरले. ते गेल्यावर पट कपाटात गेला आणि इतर म्हातारेही एकेक करून घरातल्या गार हवेत जाऊन बसले. आजी मात्र रोज तिथं जायच्या. सोराला त्या रोज कोहळ्याचा गार चहा पाजायच्या आणि "खात नाहीस, वाळलीस" म्हणून रागवायच्या. वॉर्ड ऑफिसातून आल्यापासून त्यांनी रागवणंच सोडलं होतं. सोराला ते बघवत नव्हतं.

वर्गात वेन बाईंनी सांगितलं होतं, "लोकांना तुमची धून ऐकवू नका. लोकांची धून शोधा." सोरानं हे वाक्य वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. आणि ती धून चक्क तिच्या खिडकीखालीच सापडली.

बहुतेक रोज संध्याकाळी कोपऱ्यावरून किणकिणती, गोड धून ऐकू यायची आणि अख्खी गल्ली हातातलं काम टाकून धावत सुटायची. कुणाच्या गालाला दाढीचा फेस, कुणाच्या केसांत कुरळे करायच्या नळ्या. हातात पिशव्या घेऊन सगळे देवळाच्या भिंतीआड जायचे आणि पाच मिनिटांत रिकाम्या हातांनी, गप्पा मारत परत यायचे.

"संध्याकाळची पूजा आहे," सोरानं निदान केलं. "नैवेद्य नेतात. येताना चेहरे बघ त्यांचे, मनावरचं ओझं उतरल्यासारखे!"

ओझं उतरत होतं हे खरंच. भिंतीआड कचऱ्याची गाडी उभी असायची. त्या गावात कचरा रस्त्यावर ठेवायची पद्धत नाही. गाडी गाणं वाजवत येते, आपण पिशवी घेऊन पळायचं, चुकलात तर बसा कचरा उराशी धरून. बुधवारी आणि रविवारी तर गाडी येतच नाही. पण सोराच्या गावी पिशवी घराबाहेर ठेवली की ती आपोआप नाहीशी होते. इथंही ती पिशवी खोलीबाहेर ठेवायची आणि पिशवी नाहीशी व्हायची. ती घेऊन गुडघ्याच्या दुखण्यासकट रोज कोण पळत होतं, हे तिला कुणी सांगितलं नाही. आजी सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या.

सोरानं ती धून फोनवर टिपली. एका फळवाल्याची हातगाडी मागून आणली आणि तिला झगझगीत पिवळा रंग दिला, कारण पिवळा रंग आशेचा. मागच्या बाजूला कागदाच्या लगद्याचा भला मोठा उघडा जबडा बसवला. तो म्हणजे झाडं गिळणारी हाव. थोडक्यात, कचऱ्याच्या गाडीत आणि तिच्यात इंजिनाचाच काय तो फरक उरला.

"लोक या जबड्यात टाकणार काय?" रिन्तारोनं विचारलं.

"आपापला राग!" सोरा म्हणाली.

बुधवारी पावणेचारला रिन्तारोनं गाडी ढकलायला घेतली आणि सोरानं कर्ण्यावर धून लावली. अर्धा मिनिट गल्ली गप्प होती. मग एकदम दारं धडाधड उघडायला लागली.

"अगंबाई, आज बुधवार ना?"

"जादा गाडी सोडली वाटतं! पळा!"

"अहो, माशाची पिशवी घ्या, कालपासून घरात घमघमतेय!"

बघता बघता रस्ता माणसांनी फुलला. सोराचे डोळे भरून आले. पहिल्याच बाईंनी नेम धरून पिशवी जबड्यात भिरकावली. पाठोपाठ दुसरी आली, तिसरी आली.

"रिन्तारो, बघ! राग टाकतायत!"

"रागाला वास येतोय," रिन्तारो म्हणाला.

एवढ्यात एक काकू बादली घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "खरकटं कुठं ओतू?"

"क-कुठंच नको!"

"नको म्हणजे? आणि बाटल्या वेगळ्या घेणारा तुमचा माणूस कुठाय?"

रिन्तारो घाबरला आणि त्यानं गाडी जोरात हाणली. हीच त्याची चूक झाली. निघून चाललेली कचऱ्याची गाडी दिसली की त्या गावातला ऐंशीचा म्हातारासुद्धा धावतो.

"अरे थांब! गाडी चालली!" सगळे मागे लागले. शेजारच्या दोन गल्ल्यांतूनही लोक आले. पुढं धापा टाकणारा रिन्तारो, मागे किणकिणणारी सोरा आणि तिच्या मागे पिशव्या उंचावून ओरडणारा जमाव, अशी ही वरात थेट वडापाशी आली. तिथं गाडीचं चाक निखळलं.

वडाखाली फांग साहेब वही घेऊन उभे होते. आपल्या दिशेनं कचरा घेऊन धावत येणारी जनता बघून त्यांच्या पाचावर धारण बसली. ते बाकावर चढले.

"हे... हे सगळे या झाडासाठी आले?" त्यांनी विचारलं.

एका काकांनी तोंड उघडलं, "छे हो, आम्ही तर..." तेवढ्यात खो आजींचा हातपंखा त्यांच्या बरगडीत बसला.

"झाडासाठी नाही तर काय कचरा टाकायला आलेत?" आजी कडाडल्या.

"मग या पिशव्या?"

"निषेध! हल्ली असाच असतो. शिकलेल्या पोरांना विचारा."

साहेबांनी सोराकडे पाहिलं. ती छाती काढून म्हणाली, "लोक आपला राग घेऊन आलेत!"

आजी तिच्या कानाशी लागल्या. "गप बस गं. कचऱ्याच्या गाडीचं गाणं लावलंयस तू."

सोराचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. पण तोवर घामाघूम झालेले लोक सावली बघून खाली टेकले होते. "काय गार आहे हो इथं!" ते बरगडीवाले काका म्हणाले. साहेबांनी बाकावरूनच डोकी मोजली. "एकशे चौसष्ट," ते पुटपुटले. "आणि हा कुत्रा." माशाच्या पिशवीपाशी तोच जुना रसिक येऊन बसला होता. साहेबांनी नाकाला रुमाल लावला, वहीत घाईघाईनं काहीतरी लिहिलं आणि काढता पाय घेतला.

लोक पिशव्या तिथंच ठेवून घरी गेले. गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होती. तोवर सोरा आणि रिन्तारो तोंडाला फडकं बांधून सामाजिक न्याय वेगवेगळा करत बसले, बाटल्या एकीकडे, खरकटं दुसरीकडे. वेन बाईंनी लांबूनच पाहणी केली आणि शंभरपैकी ब्याण्णव गुण दिले. आठ वासाचे कापले.

आठवड्यानं वॉर्ड ऑफिसचं पत्र आलं. वड राहणार होता. खाली आणखी एक ओळ होती: नागरिक कचऱ्यासह याच जागी मोठ्या संख्येनं जमत असल्याचं आढळल्यामुळं कचरागाडीचा थांबा देवळामागून वडाखाली हलवण्यात येत आहे.

सोराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आजी, तुमच्या झाडाखाली मी कचरा आणला!"

आजींनी पत्राची घडी घालून ते कपाटात ठेवलं.

सोराच्या परतीच्या आदल्या संध्याकाळी धून वाजली. आजी गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागल्या, तशी सोरानं त्यांच्या हातातली पिशवी हिसकावून घेतली आणि अनवाणी पळत सुटली. या वेळी खरी गाडी होती. पिशवी टाकून ती वळली, तर गल्ली घरी गेलेलीच नव्हती. कुणी पारावर टेकलं होतं, कुणी पेरू कापत होतं. बरगडीवाले काका बाकावर बुद्धिबळाचा जुना पट मांडत होते. पट आजींच्या कपाटातला होता.

आजी मागून सावकाश आल्या आणि काकांच्या समोर बसल्या.

"ये, बस," त्या सोराला म्हणाल्या. "आणि चपला कुठायत तुझ्या? वाळलीस ती वाळलीस, आता अनवाणी फिर!"