कोथिंबीर मिळते का?

शेअर बाजार कोसळला की आमच्या शेजारचे विनायकराव गुळगुळीत दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि माझी बेल वाजवतात. "उठा! सेल लागलाय!"

सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत ते एकटेच राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. पडत्या बाजारात घ्यावं, हे मलाही कळतं. पण युद्धाने पडला असेल तर? ते चिघळणार की निवळणार? टीव्हीवरचे तज्ज्ञ नकाशे दाखवतात; विनायकराव फोन लावतात. पुण्याचं कुणी ना कुणी तिथे असतंच. प्रश्न एकच : "कोथिंबीर मिळते का?"

"देश आधी कोथिंबिरीत हरतो," हा त्यांचा सिद्धांत. "रोज ताजी यावी लागते. विमानं थांबली की पहिली ती गायब. जुडी दिसतेय तोवर बिनधास्त घ्या!"

त्यांच्या जुडीवर मी दोनदा कमावलंय. एकदा स्वतःच्या अभ्यासाने शेअर घेतले होते. तो विषय आमच्या घरी काढत नाहीत.

मध्यंतरी आखातात क्षेपणास्त्रं उडाली आणि बाजार धाडकन आपटला. मी ठेव मोडून तयार! "अहो, किती वर्षं या खड्ड्याची वाट बघतोय!" म्हणत विनायकरावांनी फोन लावला तो वरच्या मजल्यावरच्या लेल्यांच्या नेहाला. ती तिकडेच नोकरीला.

"नेहा, कोथिंबीर?"

"काका, दुकानंच बंद आहेत. कालपासून बिस्किटं खातेय. आईला सांगू नका हं, तिला म्हटलंय सगळं छान आहे." आणि ती रडायलाच लागली.

म्हणजे घ्यायचं नाही. मी मोबाइल खिशात घालणार, तोच आकडे भराभर चढायला लागले.

"विनायकराव, तह होतोय म्हणे! घेऊया?"

त्यांनी माश्या हाकलाव्या तसा हात केला. "नेहा, डबे उघड. बेसन आहे? तिखट? मग रडतेस काय, पिठलं होतंय!"

"मला येत नाही, काका."

"मलाही येत नव्हतं, ही गेली तेव्हा. गॅस बारीक कर. गुठळ्या होऊ देत, कोण बघायला येतंय!"

पलीकडे नेहा हसली. इकडे मी मोबाइल त्यांच्यापुढे नाचवला. "अहो, संधी चाललीय हातची!"

साडेतीन वाजले.

"संपलं," मी कपाळावर हात मारला. "बाजार बंद झाला, विनायकराव!"

त्यांनी फोनवर तळहात ठेवला.

"हळू बोला. ती जेवतेय."