हुमनाबादकर सरांची लाल पेन्सिल

दाढ ठणकत असताना हुमनाबादकर सर तीन आठवडे दाताच्या डॉक्टरकडे गेले नाहीत. भीती सुईची नव्हती, पाटीची होती. हैदराबादच्या चिक्कडपल्लीत आमच्या प्रेससमोरच तो दवाखाना, आणि पाटीवर इंग्रजीत लिहिलेलं, 'पेनफुल टीथ आर हॅपिली रिमूव्ड हिअर'. दुखरे दात इथे आनंदाने काढले जातात. सर गाल धरून पाटीखाली उभे राहायचे आणि परत फिरायचे.

"गोविंदराव," मला म्हणायचे, "ज्या माणसाला माझ्या दुखण्याचा एवढा आनंद, त्याच्यासमोर तोंड कसं उघडू?"

शेवटी त्यांनीच नवा मजकूर लिहून दिला, मी तो कंपोज केला, डॉक्टरने पाटी बदलली. दुसऱ्या दिवशी सरांनी दाढ काढून घेतली आणि येताना सुजल्या तोंडाने मला सांगितलं, "आता पाटी बरी आहे. डॉक्टर ठीकठीकच आहे."

मी उदगीरकडचा. आठवी अर्धी सोडली आणि मामाच्या ओळखीने हैदराबादला या प्रेसमध्ये चिकटलो. लग्नपत्रिका, लेटरहेड, दुकानांच्या पाट्या, सगळं कंपोज करतो. कळपातली आपली शेळी ओळखावी तशी इंग्रजी अक्षरं मला ओळखू येतात, पण ती आपसात काय बोलतात ते पुष्कळ वर्षं कळत नव्हतं. शिकलेलं गिऱ्हाईक आलं की अजूनही मी मान खाली घालून कंपोज करत राहतो. आता हा विचारणार, तू कितवी पास? प्रेसचे मालक राजेश्वर गारू, म्हणजे आपल्याकडचे राव, माणूस वाईट नाहीत, पण चुकलेला कागद दिसला की त्यांना पहिली आठवण माझ्या आठवीची होते.

सरांची नि माझी ओळखही चुकलेल्या कागदावरूनच झाली. आमच्याकडे नवी पत्रिका कुणी मुळापासून टाइप करत नाही. जुनी फाइल उघडायची, नावं बदलायची, झालं. तेलुगू लोकांत माणूस गेल्यावर दिवसकार्याची, पेद्दकर्माची, पत्रिका छापतात. तशी एक मी लग्नाच्या फाइलवरून केली. नावं बदलली, गणपती काढला, सनई काढली. 'विथ ग्रेट जॉय' तेवढं राहिलं. अत्यंत आनंदाने कळवतो की आमचे वडील गेले.

सर तेव्हा पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स काढायला आले होते. काउंटरवर पडलेलं काहीही वाचायची त्यांना खोड. त्यांनी प्रूफ वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि खिशातून लाल पेन्सिल काढून त्या तीन शब्दांवर रेघ मारली. तेवढ्यात राजेश्वर गारू आले. 

"क्या हुआ साब? ये गोविंद फिर गलती किया?"

"कुछ नहीं मियाँ," सर म्हणाले, "मैंच एक लफ्ज बदलने बोला. थोडी देर हुई इनको."

मालक आत गेले. सरांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि हळूच म्हणाले, "परेशान नका होऊ, गोविंदराव. आनंद सगळ्यांकडूनच चुकीच्या ठिकाणी राहून जातो." माझ्या दुप्पट वयाचा माणूस मला पहिल्याच दिवशी गोविंदराव म्हणाला. मी त्या दिवशी जेवताना डबा तसाच झाकला. 

मग सर रोजच येऊ लागले. सकाळी दहाला. सरकारी कचेरीत साहेबांच्या पत्रांचे मसुदे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेलेली. निवृत्त झाले तरी हात थांबेना. कुठेही बेढब इंग्रजी दिसलं की ते वाक्य पुसून, आणखी सरळ, माणसासारखं वाक्य शोधायचे. पेन्सिल ती जुनी ऑफिसातली, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. आबिड्सच्या एकाच दुकानात मिळायची, म्हणून डझनाने आणायचे. लाल टोक झिजून बोटभर राहायचं, निळ्याला ब्लेड लागलेलं मी कधी पाहिलं नाही.

गिऱ्हाइकं वैतागायची. एक सुक्यामेव्याचा व्यापारी बेगम बाजारहून बोर्डाचा मजकूर घेऊन आला होता. म्हणाला, "सबकू समझ में आता ना साब, फिर कायकू बदलना?"

"आता मियाँ, समझ में आता. मगर लंगडाते हुए आता."

हे त्यांचं ठरलेलं. मराठीत मला म्हणायचे, "अर्थ पोचतो हो, पण लंगडत पोचतो." अपार्टमेंटच्या नोटिशीत 'काइंडली डू द नीडफुल' दिसलं की म्हणायचे, "जे काय करायचं ते सांग ना बाबा, लाजतोस काय?" 'रिप्लाय मी बॅक'वर म्हणायचे, "उत्तर एकदाच पुरे. मी काय पळून चाललोय?" मग समोर बसवून विचारायचे, हेच तुम्ही आईला कसं सांगाल? मी मराठीत सांगितलं की ते त्याचं साधं इंग्रजी करून दाखवायचे. असं करत करत मला शेळ्यांचं बोलणं थोडंथोडं कळायला लागलं.

एक गोष्ट मला कायम कोड्यात टाकायची. सगळ्या गावाचं बोलणं दुरुस्त करणारा हा माणूस माझ्या मराठीला कधी हात लावत नसे. मी 'हितं', 'मंग', 'करताव' असं सरळ बोलायचो. सर स्वतः पुस्तकी बोलायचे, मध्येच एखादं हैदराबादी 'हौ' टाकून. माझी चूक निघेल म्हणून मी एकदा सांभाळून, पेपरातल्यासारखं बोलायला गेलो, तर म्हणाले, "असं नको. तुमचं तसंच बोला." आणि काही कारण नसताना गावाकडचं विचारत बसले. पाऊस कसाय, ज्वारी कशी आली, तुमच्याकडे भाकरीला काय म्हणतात. भाकरीला भाकरीच म्हणतात, मी म्हणालो. तेही त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

गेल्या महिन्यात सर एका सकाळी प्लास्टिकच्या पिशवीत जपून एक कागद घेऊन आले. स्वयंपाकघरातल्या डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी, वाफेवर धरून सोडवलेली. तेलकट, पिवळी, शाई उडत चाललेली. वर लाल खुणा.

"हे नीट टाइप करून जाड कागदावर द्या," एवढंच म्हणाले आणि बँकेत गेले.

आमच्या प्रेसमध्ये एक नियम आहे. कागदावर लाल दिसलं की विचारायचं नाही, करायचं. मी मन लावून काम केलं. सरांसाठी काहीतरी करायची पहिलीच संधी. लाल रेघेखालचं सगळं उडवलं, लाल अक्षरात वर लिहिलेलं घेतलं, सुंदर अक्षर निवडलं, बारीक किनार टाकली. 'टी. प्लीज यूज टू स्पूनफुल्स.' चहा. कृपया दोन चमचे वापरावेत.

सर परत आले. त्यांनी वाचलं. चष्मा काढला. पुन्हा घातला नाही.

"हे माझं आहे," म्हणाले. "लाल माझं आहे, गोविंदराव. तिचं कुठंय?"

मग कळलं. सरांच्या पत्नीला, काकूंना, जाऊन दोन वर्षं झाली होती. नवऱ्याला आवडतं म्हणून चाळिशीनंतर त्या इंग्रजी शिकू लागल्या होत्या आणि सवय व्हावी म्हणून डब्यांवर इंग्रजीत चिठ्ठ्या लावायच्या. सर कचेरीतून आल्यावर चहा करता करता त्यावर खुणा करायचे. "एक दिवस तिनं चिठ्ठ्या लावणं बंद केलं," सर म्हणाले. "मला वाटलं, शिकून झालं असेल. बाकीच्या तिनंच काढून टाकल्या. ही एकच राहिलीय. आणि मी मारलेल्या रेघेखाली काय होतं, ते मला आठवत नाही. माझंच तेवढं आठवतं."

माझ्या हातून काय झालं ते कळलं. मी चिठ्ठी घेतली, दारात जाऊन उन्हासमोर धरली. रेघा दाबून मारलेल्या. मधूनच एखादा शब्द दिसायचा. 'हिअर ओन्ली'. मग काहीच नाही. मग 'पुटिंग'. शेवटी 'टेस्ट'.

"काकू कुठल्या होत्या, सर?"

"तुमच्याच बाजूची. उदगीरजवळची."

तेव्हा मी इंग्रजी वाचायचं सोडलं. माझी आई डब्यावर चिठ्ठी लिहील तर काय लिहील, ते तोंडात घोळवलं. आणि एकेक शब्द रेघेखालून बाहेर यायला लागला. 'टी इज हिअर ओन्ली. टू स्पून पुट. यू आर ऑल्वेज वन पुटिंग, देन व्हेअर टेस्ट इज कमिंग.'

मी सरांना ते इंग्रजीत वाचून दाखवलं नाही. त्यांनी जसं मला शिकवलं होतं तसं, पण उलटं केलं, इंग्रजीचं मराठी.

"चहा हितंच हाय. दोन चमचे टाका. तुमी कवाबी येकच टाकताव, मंग चव कुटून येईल?"

सर काउंटरला टेकून उभे होते. खिशातली पेन्सिल काढून म्हणाले, "ब्लेड आहे का?"

मी दिलं. त्यांनी पेन्सिल उलटी केली, निळं टोक तासलं, आणि माझ्या छान किनारीच्या कागदामागे काकूंचे ते मराठी शब्द मी म्हटले तसेच्या तसे उतरून काढले. एक अक्षर बदललं नाही.

आतून राजेश्वर गारूंनी हाक मारली, "क्या गोविंद, साब का प्रूफ ओके?"

सरांनी हात वर करून थांबा म्हणून सांगितलं.

"एकदा ताडून घेतो," मला म्हणाले. डोळे मिटलेले होते. "तुम्ही म्हणा. परत."