चिंचबेटावरची वयं

शाळेत जनगणनेचे विभाग वाटून झाले आणि सुधीर मास्तरच्या पोटात दुखायला लागलं. त्याच्या वाट्याला आल्या वाशीतल्या बिल्डिंगी. चार-चार मजले, वर-खाली, वर-खाली, आणि दार उघडणारा म्हणणार, "साहेब ऑफिसात गेलेत, रविवारी या." आणि त्याच शाळेतल्या नंदकुमार मास्तरला मिळालं चिंचबेट! खाडीतलं एवढंसं बेट, नऊ घरं, चाळीसएक माणसं. तिथे चूक करायची म्हटली तरी होणार नाही. म्हणजे या एक्याऐंशी सालीही पदक त्यालाच!

हे पदक सुधीरच्या डोळ्यांत दहा वर्षं सलत होतं. एकाहत्तरच्या गणनेत चोख काम केलं म्हणून नंदकुमारला ते मिळालं होतं. दर सव्वीस जानेवारीला गडी ते कोटावर लावून झेंड्याखाली उभा राहायचा.

"पत्र्याचा तुकडा नुसता!" सुधीर घरी येऊन म्हणायचा आणि ताट बाजूला सारायचा.

"पत्राच आहे ना? मग जेवा की," त्याची बायको मीना म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सुधीरने नंदकुमारला व्हरांड्यात गाठलं. "नंदू, तुला होडी लागते ना रे?"

"लागते म्हणजे? नुसतं पाणी हललं तरी मला ढवळतं. पण सरकारी काम, सांगतोय कोणाला!"

"बेटावर मी जातो. तू बिल्डिंगी घे. मित्र कशाला असतात?"

नंदकुमारच्या डोळ्यांत पाणी आलं. मुख्याध्यापकांनी दोघांची पाठ थोपटली. सुधीर मनातल्या मनात पदक कोटावर लावून मोकळा झाला.

चिंचबेटावर सगळं कसं लोण्यासारखं चाललं. बायका जास्त, पुरुष कमी, कारण निम्मे पुरुष तळोज्याच्या कारखान्यांत लागून तिकडेच राहिलेले. शाळेत जाणारी चार पोरं सोडली तर लिहितावाचता येणारे दोघेच, नामा आणि धर्मराज. हे दोघे चुलतभाऊ, आणि बेटावरच्या दोन होड्या या दोघांच्याच. शेवटच्या तारखेला दुपारपर्यंत फक्त यांचीच घरं राहिली होती. अंगण एकच.

नामाची आई भागीरथी पुढे आली. "लिवा, मास्तर."

"वय काय, आजी?"

"वय कोनी मोजलाय? लिवा साट."

समोरच्या ओट्यावरून धर्मराजची आई शेवंताबाई ओरडली, "ती साट, तं मी पासट!"

"तू पासट? मंग माजे सत्तर लिवा!"

वय वाढवण्यासाठी भांडणाऱ्या बायका सुधीरने जन्मात पाहिल्या नव्हत्या. मग नामाने उलगडा केला. गावदेवीची पहिली ओटी बेटावरच्या सगळ्यांत वडील बाईने भरायची. या दोघी जावांत वयाने थोरली कोण हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून आजवर एक साल हिने, एक साल तिने भरली. पण आता सरकारच लिहून घेणार म्हटल्यावर कायमचा निकाल लागणार होता.

आकडा नव्वदवर गेला. सुधीरने हात जोडले. "अहो आजी, नामा तिशीचा आहे. साठाव्या वर्षी झाला काय तुम्हाला?"

"देवीची किरपा!" भागीरथी म्हणाली.

उन्हं कलायला लागली. संध्याकाळी कागद वाशीच्या कार्यालयात पोचले नाहीत तर पदक बोंबललं! सुधीरने न्यायाधीशासारखा चेहरा केला, दोघींपुढे पासष्ट लिहिलं आणि भर अंगणात खड्या आवाजात वाचून दाखवलं. "दोघी सारख्या. आता कोणाची तक्रार नको."

मग दोघी जावा पहिल्यांदाच एका बाजूला आल्या.

"ही न् मी सारखी?" भागीरथी कडाडली.

"बरोबरीचा मान कनचा मान, मास्तर? त्यापरीस तिलाच मोटी लिवायची व्हती!" शेवंताबाईने पदर खोचला. "धर्म्या, होडी सोडू नको!"

"नाम्या, तू पन नको!"

नामा खाली मान घालून म्हणाला, "काय करू मास्तर? आयचा शब्द हाय."

सुधीर धक्क्यावर जाऊन कपाळाला हात लावून बसला. तिकडे नंदकुमारने बिल्डिंगी कधीच उरकल्या असतील, या विचाराने त्याचा जीव जळत होता. तेवढ्यात पलीकडून एक होडी येताना दिसली. तिच्या काठावर ओणवा होऊन कोणीतरी ओकत होतं. नंदकुमार! त्याला धक्क्यावर उतरवून होडीवाला जाळी टाकायला पुढे निघून गेला.

"कार्यालयातल्या साहेबांनी... तुला बघायला पाठवलं," तो हिरव्यानिळ्या तोंडाने म्हणाला. "माझे कागद गेले. तुझं काय अडलंय?"

सुधीरने सांगितलं. नंदकुमार तोंड धुऊन अंगणात गेला. आधी भागीरथीच्या कानाला लागला, मग शेवंताबाईच्या. दोघींचे चेहरे उजळले. दोघी एकमेकींकडे कीव केल्यासारखं बघत राहिल्या, आणि नामा धावत होडी सोडायला गेला.

"काय सांगितलंस रे?" होडीत सुधीरने विचारलं.

"हेच, की मास्तरांनी उगाच मोठ्याने तसं वाचलं, कागदावर तुमचंच वय मोठं आहे. पण जनगणनेतलं कोणाला सांगायचं नाही असा कायदा आहे, तेव्हा ओटी आपली पहिल्यासारखी आळीपाळीनेच भरा." एवढं बोलून तो पुन्हा काठावर ओणवा झाला.

पुढे पदकं जाहीर झाली. एक सुधीरला, एक नंदकुमारला. शाळेत पेढे वाटले गेले. सुधीरने पेढा तसाच बशीत परत ठेवला. दहा वर्षं वाट बघायची, आणि शेवटी त्याच्याबरोबर? शिवाय त्याची आता दोन झाली!

नंदकुमारने त्याचा चेहरा पाहिला आणि त्याला बाजूला घेतलं.

संध्याकाळी सुधीर शीळ घालत घरी आला. पदक मीनाच्या हातात ठेवून म्हणाला, "दोघांना मिळालं हे दिसायला. खरं म्हणजे माझा नंबर वरचा आहे. साहेबांनी नंदूला खासगीत सांगितलं. कोणाला बोलायचं नाही, तसा नियमच आहे."

मीनाने पदक उलटंपालटं करून पाहिलं. चिंचबेटाची हकिगत तिने त्याच्याच तोंडून निदान दहा वेळा ऐकली होती.

"बरं," ती म्हणाली, "हे नंदूभावजींनी तुम्हाला कानात सांगितलं का हो?"