इसाजी मास्तरांचे दोन दात पडले त्याची बखर

आकाश आणि पृथ्वी ज्याने नुसत्या शब्दाने उभी केली त्या एकाचे स्मरण करून, आणि ज्यांनी बोट धरून पहिले अक्षर गिरवून घेतले त्या सर्व वडीलधाऱ्यांस शालोम सांगून लिहिण्यात येते ऐसे जे. मुलांनी विचारिले की, आपले राज्य एवढेसे, तर त्याची फौज कोणती, लढाया कोणत्या जाहल्या, ते सांगा. म्हणोन एका लढाईची हकीकत सावकाश लिहिली आहे. ज्यास घाई असेल त्याने आधी खेळून यावे.

शके अठराशे बहात्तर, विकृती नाम संवत्सर, श्रावण सरत आलेला, आणि सृष्टी निर्माण जाहली तेथून मोजिले तर पाच हजार सातशे दहावे वर्ष संपावयास नऊ दिवस उरलेले. ते समयी खाडीच्या काठी, नारळींच्या सावलीत, बेने इस्रायल लोकांचे एक राज्य होते. घरे एकेचाळीस, तट नाही, तोफ नाही, आणि राजधानी म्हणजे एक कौलारू प्रार्थनालय, ज्यास गावचे लोक मशीदच म्हणत. पगार कोणासही नव्हता. ज्याने जे काम उचलिले ते त्याचे, आणि जे कोणीच उचलिले नाही ते मुकादमांचे. मुकादम बन्नाजी राजपूरकर यांजकडे किल्ल्या आणि ओरडणे अशी दोन कामे होती, सेगुलाबाईंकडे मुदपाकखाना होता, आणि इसाजी मास्तर पेझारकर यांजकडे रविवारी ओसरीवर मुलांस आपल्या प्रार्थनेची जुनी अक्षरे शिकविणे आणि नव्याच्या सणास शिंग फुंकणे. शिंग म्हणजे मेंढ्याचे, ज्यास शोफार म्हणतात. ते वाजल्यावाचून नवे वर्ष लागले असे त्या राज्यात कोणी मानीत नसे. मास्तरांचे वय चौसष्ट, आणि शिंग त्यांजकडे एकेचाळीस वर्षे होते. मुलांस शिकविण्यात असा शांत माणूस पंचक्रोशीत नव्हता. एकच अक्षर मुलाने वीस वेळा चुकविले तर मास्तर एकविसाव्या वेळेस पाटी पुसून म्हणत, "घाई नको. परत." परंतु शिंग मात्र त्यांनी कोणास कधी शिकविले नाही. कोणी मागितले तर म्हणत, "अजून तुझी छाती भरली नाही," आणि पेटीत ठेवून देत. एवढा एकच त्यांचा हावरटपणा होता, आणि तो त्यांस स्वतःस ठाऊक नव्हता.

तर त्या रविवारी रिवाजाप्रमाणे सणाच्या सफाईची मोहीम निघाली. पुरुषांनी भिंतींस चुना घेतला, बायकांनी पितळ घासावयास घेतले, मुले बाकांखालची जळमटे काढू लागली, आणि मागील अंगणात सेगुलाबाईंनी गव्हाच्या चिकाच्या हलव्यासाठी मोठे पातेले उलथे घालून धुवावयास घेतले. मास्तरांनी हट्टाने छताची मोठी काचेची हंडी उतरविण्याचे काम आपणाकडे घेतले. ते बाकावर चढले, साखळी सोडिली, ती हातातून सुटली, आणि हंडीखालचे पितळी कडे थेट तोंडावर येऊन मग हंडी त्यांच्या कवेत पडली. हंडी वाचली. परंतु पुढचे वरचे दोन दात, जे पन्नासावर वर्षे एका जागी उभे होते, ते त्या लढाईत कामास आले. माझलबाई, म्हणजे मास्तरांची बायको, पदर भिजवून धावत आल्या आणि बोलल्या, "अहो, हंडी सोडायची होती ना! हंडी फुटली असती तर दुसरी आली असती. आता दात मी कुठून आणू?" मास्तर काही बोलावयास गेले तो नुसता वारा बाहेर आला, आणि मुलांस हसू फुटले, आणि मग मास्तरांचा चेहरा पाहून मुले पुन्हा बाकांखाली शिरली.

तिसऱ्या दिवशी रक्त थांबले, तेव्हा मास्तरांनी दार लावून पेटीतून शिंग काढिले आणि ओठास लाविले. आवाज निघाला नाही. फुस्स जाहले. पुन्हा फुंकिले, पुन्हा फुस्स. माझलबाईंनी दाराबाहेरून पुसले, "चहा ठेवू का?" आतून पेटी बंद केल्याचा आवाज आला, त्यावरून बाईंस काय ते समजले.

मग मुकादमांनी मसलत भरविली. गावातले तीन जवान बोलाविले आणि मास्तरांनी आयुष्यात प्रथमच शिंग दुसऱ्याच्या हाती दिले. पहिल्याने फुंकिले ते अडलेल्या म्हशीसारखे निघाले, दुसऱ्याने गाल फुगवून डोळे लाल केले आणि निघाले काहीच नाही, तिसऱ्यास भोवळ आली आणि सेगुलाबाईंनी त्यास गूळपाणी दिले. मुकादम आणि मास्तर बालपणापासूनचे सोबती, त्यामुळे मुकादमांनी भीड धरिली नाही. ते बोलिले, "इसा, चाळीस वर्षं तू या गावातल्या शेंबड्यांना अक्षरं शिकवलीस. एकालाही हे का नाही शिकवलंस? मी मागितलं होतं, आठवतंय? मला तेव्हा बाविसावं होतं." मास्तर खाली पाहून बोलिले, "आठवतंय." मुकादम बोलिले, "मग?" मास्तरांनी शिंग परत घेऊन पेटीत ठेविले.

तेव्हा पैलतीरीच्या आपल्याच लोकांच्या राज्यास खलिता रवाना जाहला की, आपला शिंगवाला आम्हांस एक दिवस द्यावा. होडीने उत्तर आले ते असे: "आमच्याकडेही एकच आहे आणि तो सणाला आमच्याच इथे लागतो. तुम्ही यंदा दार लावा आणि सगळे इकडे या. जागा आहे, हलवाही आहे." उत्तर प्रेमाचे होते, परंतु ते वाचून मुकादम मटकन बाकावर बसले. त्या साली राज्याची स्थिती अशी की सहा घरे मुंबईस गेली होती, दोन घरे समुद्रापलीकडच्या नव्या देशी जाण्याच्या बोलण्यात होती, आणि मागील सणास बाक अर्धे रिकामे दिसले होते. मुकादम बोलिले, "एकदा सणाला कुलूप लागलं ना इसा, की पुढच्या वर्षी ते काढायला कुणी येत नाही. लोक म्हणतील, पलीकडे बरं आहे की, पंखाही आहे." मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत.

सणास दोन दिवस उरले असता पुन्हा रविवार आला. मास्तर ओसरीवर बसले, परंतु मन थाऱ्यावर नव्हते, आणि बोलताना शीळ निघे, त्यामुळे अकरा मुले एकमेकांस कोपराने ढोसून हसत होती. अखेर मास्तरांनी पाटी बाजूस ठेविली, शिंग काढिले आणि बोलिले, "आज अक्षरं नाहीत. हे प्रत्येकाने हातात घेऊन बघा. पुढच्या वर्षी इथे वाजेल की नाही, माहीत नाही." मुलांनी ते हातोहाती फिरविले, कोणी हुंगिले, कोणी आत डोळा लाविला, कोणी फुंकून थुंकी उडविली. मग ते पेनिनाच्या हाती आले. ही एलोजी तेल्याची मुलगी, वय सात, घरी तिला पेनू म्हणत, आणि अक्षरे ओळखण्यात ती वर्गात सर्वांच्या मागे होती. तिचेही वरचे पुढचे दोन दुधाचे दात पडले होते आणि उजवीकडचा एक हलत होता. तिने शिंग तोंडाच्या डाव्या कोपऱ्यास लाविले आणि फुंकिले. तर असा नाद निघाला की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या, सेगुलाबाई पळी घेऊन बाहेर आल्या, आणि मुकादम किल्ल्या टाकून धावले.

मास्तरांनी पुसले, "हे तुला कुणी शिकवलं?" पेनू बोलली, "कुणी नाही. मी माडाच्या पातीची पिपाणी वाजवते ना. दात पडल्यापासून ती पुढून वाजेचना, मग कोपऱ्यात नेली." मास्तर बोलिले, "पण मी एवढं फुंकतो..." पेनू हसून बोलली, "मास्तर, तुम्ही पुढून फुंकता. पुढे तर आपलं दार उघडंच आहे! सगळा वारा तिथून पळून जातो. कोपऱ्यात न्या."

मुकादम जवळ येऊन हळू बोलिले, "इसा, सणाला ही पोर पुढे उभी केली तर लोक ऐकणार नाहीत. रिवाज नाही आपला." मास्तर बोलिले, "पोर उभी राहणार नाही. मी राहीन. आधी तिच्याकडे शिकतो." आणि मास्तर आपल्या जागेवरून उठले, मुलांच्या बाकाच्या टोकास जाऊन बसले, आणि पेनूस आपल्या जागी बसविले. ती बसली तेव्हा तिचे पाय जमिनीस पोचत नव्हते. ती बोलली, "लगेच शिंग नाही. आधी पात." मग तिने माडाची ओली पात आणून गुंडाळून पिपाणी केली आणि मास्तरांच्या हाती दिली, आणि चौसष्ट वर्षांचा माणूस डाव्या गालात वारा साठवून पिपाणी फुंकू लागला. पहिल्यांदा काही निघाले नाही. दहाव्यांदा काही निघाले नाही. मास्तरांचा ओठ थरथरू लागला, ते रागावले आणि पात फेकून बोलिले, "हे माझ्याच्याने होत नाही. म्हातारा झालो मी." पेनूने फेकलेली पात उचलली, फ्रॉकास पुसली, परत त्यांच्या हाती दिली आणि बोलली, "घाई नको. परत." मुले हसली नाहीत. ती सर्व मास्तरांकडे पाहत होती, जसे मास्तर इतकी वर्षे त्यांजकडे पाहत. संध्याकाळ व्हायच्या आत पात वाजली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शिंगास हात लाविला नाही, कारण सणाच्या आदल्या दिवशी ते वाजवीत नाहीत. ते दिवसभर पिपाणी तोंडात धरून घरात फिरले, आणि माझलबाई बोलल्या, "सणासाठी सून येईल असं वाटलं होतं, इथे तर नातवंड आलं."

मग मंगळवारी नव्याचा सण उजाडला. पाऊस उघडला होता, चुना वाळला होता, आणि हलवा घोटून ताटांत थापला होता. लोक पांढरे कपडे घालून आले, आणि बातमी खाडीच्या दोन्ही तीरी पसरली असल्यामुळे बाक भरले, मुंबईस गेलेल्यांपैकी तीन घरेही आली, कोणी श्रद्धेने आणि कोणी काय होते ते पाहावयास. मास्तर शाल पांघरून उंच जागी उभे राहिले. नाद शंभर घ्यावयाचे, आणि प्रत्येक नादाचे नाव मुकादमांनी आधी पुकारावयाचे, असा रिवाज होता. मुकादमांनी पहिला पुकारा केला. मास्तरांनी शिंग उचलिले. परंतु एकेचाळीस वर्षांची सवय हाताची, हात आपोआप मधोमध गेला, आणि मास्तरांनी फुंकिले, आणि फुस्स जाहले. सभा निश्चल जाहली. अशा वेळी कोणी एक शब्दही बोलावयाचा नसतो. पैलतीरीचा एक पाहुणा खाली पाहू लागला.  इतक्यात बायकांच्या माडीवरून, कठड्यामधून तोंड काढून, एक बारीक आवाज आला, "मास्तर, कोपऱ्यात!" पेनूच्या आईने तिचे तोंड दाबिले, परंतु शब्द खाली पोचला होता. कोणी हसले नाही. मास्तरांनी डोळे मिटले, शिंग डाव्या गालाकडे सरकविले, आणि मुकादमांनी पहिला पुकारा पुन्हा केला. त्यांचा आवाज चिरकला होता. मग नाद निघाला. तो पूर्वीसारखा गोल नव्हता, किंचित वाकडा होता आणि कडेस खरखरत होता, परंतु तो उठला तो कौलांमधून बाहेर गेला आणि खाडीवर कोळी जाळी सोडीत होते त्यांनी मान वर करून ऐकिला. एक एक करीत शंभर नाद जाहले. नव्वदीनंतर ओठातून रक्त आले ते मास्तरांनी शालीच्या टोकाने टिपिले, आणि अखेरचा लांब नाद इतका लांब घेतला की मुकादम पुस्तक मिटून नुसते त्यांजकडे पाहत राहिले. मग लोक एकमेकांच्या गळ्यात पडले आणि हलव्याची ताटे फिरली. त्या वर्षी कुलूप लागले नाही.

पुढच्या रविवारी मास्तरांनी शिंगाची पेटी ओसरीवर आणून उघडी ठेविली आणि मुलांस बोलिले, "आजपासून हे सगळ्यांचं. ज्याला येईल त्याने यावं. आणि तुमचे दात शाबूत आहेत, तुम्ही पुढून फुंका, ते सोपं आहे." परंतु मुलांनी ऐकिले नाही. "पेनू वाजवते तसंच," असे म्हणोन अकराच्या अकरा मुलांनी शिंग डाव्या गालास लाविले. मास्तरांनी दोनदा समजाविले आणि मग सोडून दिले. इतक्यात मुकादम आले, किल्ल्यांचा जुडगा खाली ठेविला आणि बाकावरच्या सर्वांत लहान मुलास बोलिले, "सरक रे जरा." वय त्यांचे त्रेसष्ट होते.  मास्तरांनी शिंग पुसून बन्नाजींच्या हाती दिले, आणि दोघांचे हात काही वेळ त्यावर तसेच राहिले.

पुढे ते राज्य पांगले. घरे एकेचाळीसची बारा जाहली, मग चार. मास्तर आपल्या वेळेस गेले, मुकादम त्यांच्या मागोमाग गेले, आणि मुले मोठी होऊन जेथे भाकरी मिळाली तेथे गेली, कोणी ठाण्यास, कोणी समुद्रापलीकडे. पेनू आता आजी जाहली आहे आणि परक्या देशी शेजारच्या मुलांस माडाच्या पातीऐवजी कागदाची पिपाणी करून देते. तेथे एका विद्वानाने एकदा पाहिले की या लोकांकडे शिंग डाव्या गालातून वाजवितात, आणि त्याने पुसले की, ग्रंथांत तर उजवी बाजू सांगितली आहे, तुमचा हा रिवाज कोणत्या काळचा? तेव्हा तेथील तरुणांनी एकमेकांकडे पाहिले आणि सांगितले की, फार जुना आहे, आमच्याकडे पूर्वापार असेच. त्याने ते वहीत लिहून घेतले.

येणेप्रमाणे दोन दात देऊन एक शिंग राखिले त्या लढाईची हकीकत आहे. फौज अकरा मुलांची, सेनापती सात वर्षांची, पगार कोणासही नाही. जसे घडले तसे लिहिले. वाचणाऱ्याने एकदा स्वतः फुंकून पाहावे.