चारशे बारा चौकोन

उभं राहणं ही वाहनाची मूळ अवस्था आहे. चालणं हा मधे येणारा व्यत्यय. हे सत्य ज्या थोड्या संस्थांनी वेळीच ओळखलं, त्यांत आमच्या विद्यापीठाचा नंबर फार वरचा लागतो. इथे पुढच्या पन्नास वर्षांच्या पार्किंगचा आराखडा तयार आहे. (पुढच्या सोमवारचं वेळापत्रक अजून लागायचं आहे.)

आराखड्याचा पाया शास्त्रीय आहे. दरवर्षी ठरलेल्या दिवशी अकरा वाजता एक कारकून हातात खडू घेऊन निघतो आणि रंगवलेल्या चौकोनांत उभ्या असलेल्या गाड्या मोजतो. चौकोन चारशे बारा. गाड्या, गेली सात वर्षं, चारशे बारा. म्हणजे गरज तितकाच पुरवठा, टंचाई शून्य. इतकं सातत्य विद्यापीठाच्या दुसऱ्या कुठल्याही संशोधनात सापडलेलं नाही.

आता काही खोडसाळ लोक विचारतात की चौकोन न मिळाल्यामुळे वर्तुळाकार रस्त्यावर घिरट्या घालणाऱ्या गाड्यांचं काय? उत्तर सोपं आहे. चालतं वाहन म्हणजे पार्किंग नव्हे, रहदारी. रहदारीचा विभाग वेगळा. तो स्थापन करायला समितीही नेमलेली आहे, पण तिचे सदस्य अजून बैठकीला पोचलेले नाहीत. तेही रस्त्यावरच आहेत.

संख्याशास्त्राच्या बाई या रस्त्यावर नऊ वर्षं होत्या. नेमणूक तासांवर, तीही अकरा महिन्यांची. मग एक महिना घरी, मग पुन्हा अकरा महिने. एका दिवसात तीन कॉलेजं गाठायची, म्हणून गाडीशिवाय इलाज नव्हता. मागच्या सीटवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, पुढच्या सीटवर डबा. भाजी पहिल्या वळणाला, पोळी दुसऱ्या. रस्ता एकेरी असल्यामुळे बाईंना पुढच्यांच्या फक्त पाठी ठाऊक होत्या आणि मागच्यांचे फक्त चेहरे. (ग्रंथालयातल्या दोघांचं लग्न याच रस्त्यावर जमलं. दोघांनी एकमेकांना आरशातच पाहिलेलं होतं. समोरासमोर आल्यावर ती म्हणाली, "भांग दुसऱ्या बाजूला पाडता वाटतं?")

घरी आई रोज विचारायची, "झालीस का गं कायम?" ताप उतरला का विचारावं, तसं.

आणि एकदाची कायम पदाची मुलाखत निघाली. सकाळी अकरा वाजता, खोली क्रमांक चौदा. बाई साडेआठलाच आवारात शिरल्या. पावणेअकराला त्यांची तेविसावी फेरी चालू होती. ही संधी हुकली तर पुढची जाहिरात निघेपर्यंत वयाची अट ओलांडली जाणार, हे त्यांना पाठ होतं.

वळणावर चौकीदार उभा होता. सगळे त्याला शिट्टीकाका म्हणत. बाईंनी काच खाली केली.

"काका, पाया पडते, कुठेतरी घुसवा हो! खोली चौदामध्ये मुलाखत आहे माझी."

"मॅडम, खोली चौदा आत्ताच इथून गेली की!"

"म्हणजे?"

"पांढरी गाडी. तिघंही आत आहेत. दाबा जरा, पुढच्या वळणाला गाठाल."

घडलं होतं ते असं. मुलाखत समितीचे अध्यक्ष म्हणजे आराखड्याचे जनक, नियोजनप्रमुख साहेब. त्यांच्या गाडीसाठी चारशे बारांबाहेरचा खास चौकोन राखला होता आणि कुणी घुसू नये म्हणून त्याच्या बरोब्बर मध्यभागी 'राखीव' अशी लोखंडी पाटी सिमेंटमध्ये गाडली होती. व्यवस्था इतकी चोख, की साहेबांनाही घुसता येईना. साहेब अर्थात घिरट्या घालत नव्हते. ते पाहणी करत होते.

बाईंनी गाडी पांढऱ्या गाडीच्या शेजारी आणली. मागच्या सीटवर बाहेरून आलेले दोन तज्ज्ञ मांडीवर फाइली घेऊन बसले होते. मुलाखत सुरू झाली. पहिल्या फेरीत नाव, शिक्षण, अनुभव. दुसऱ्या फेरीत एका तज्ज्ञाने काचेतून तोंड बाहेर काढलं.

"मॅडम, नमुना निवडताना काय काळजी घ्याल?"

"जे सहज सापडत नाही, ते सुटलेलं नाही ना, हे आधी बघायचं, सर."

"वा!" तज्ज्ञ म्हणाले. साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

तिसऱ्या फेरीत साहेबांनी स्वतः काच खाली केली. "पन्नास वर्षांचा प्रश्न आहे, विचार करून सांगा. आपल्या आवारात किती चौकोन कमी पडतात?"

बाईंनी आरशात पाहिलं. मागे एकशे सदतीस गाड्या होत्या. नऊ वर्षांत त्यांनी हा आकडा पुन्हा पुन्हा मोजला होता, तो त्यांच्या जिभेवरच होता. मागून हॉर्न वाजत होते. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. साहेब वाट पाहत होते.

"शून्य, साहेब."

"नक्की?"

"सात वर्षांची आकडेवारी आहे, साहेब."

तज्ज्ञांनी फाइलीत 'अभ्यासू' असं लिहिलं. गतिरोधक आल्यामुळे शेवटचं अक्षर समासाबाहेर गेलं, पण निर्णय वैध ठरला.

बाई कायम झाल्या. त्याच आठवड्यात एक कारकून निवृत्त झाला आणि त्याचा चौकोन बाईंना मिळाला. पहिल्या दिवशी इंजिन बंद केल्यावर झालेली शांतता ऐकत त्या दहा मिनिटं नुसत्या बसून राहिल्या. आईने फोनवर रडून घेतलं. विषयाच्या जाणकार म्हणून यंदाचं सर्वेक्षणही त्यांच्याकडेच आलं.

ठरल्या दिवशी अकरा वाजता बाई खडू घेऊन निघाल्या. शेजारून एक गाडी हळूहळू सरकत आली. तासांवरचे भौतिकशास्त्राचे सर. वर्षभर ते बाईंच्या आरशात होते.

"मॅडम, आम्हालाही मोजा ना हो!"

"थांबा, मग मोजते."

सर थांबणार कसे? मागून हॉर्न वाजला आणि ते पुढे गेले. बाईंनी आकडा लिहिला. चारशे बारा.

तुम्हाला बाईंचा राग आला असेल. येऊ द्या, रागाला चौकोन लागत नाही. फक्त एक सांगा. बसायला मिळालेलं बाक, मुलाला मिळालेला प्रवेश, नावावर झालेलं घर, यांपैकी काहीतरी तुम्हालाही कधीतरी मिळालंच असेल. त्या दिवशी तुमच्यामागे कितीजण उरले होते?

आकडा आठवत नसेल, तर आमचं सर्वेक्षण बिनचूक आहे.